पूल बुडाला म्हणून सांगजा

कारध्याचा पूल बुडाला आहे, त्यामुळे मला येता येत नाही, असा निरोप मी लग्नानंतरच्या पहिल्याच पावसाळ्यात माहेराहून सासरी धाडला. निरोप घेऊन जाणारा माणूस एसटीत बसून त्याच पुलावरून भंडाऱ्याला गेला आणि माझ्या सासूबाईंच्या ओसरीवर बसून त्याने तो शब्दाला शब्द सांगितला.

आता माझ्या नातवाचं लग्न जमवणं चालू आहे, तरी हे आठवलं की मला पदर तोंडाला लावावा लागतो. माझ्या अकलेबद्दल घरात वाद निघाला की एवढा एक पुरावा सगळ्यांना पुरतो.

भंडाऱ्याच्या माणसाला पूल समजावून सांगावा लागत नाही, बाकीच्यांना सांगते. वैनगंगेच्या या काठाला भंडारा, त्या काठाला कारधा. माझं माहेर अड्याळ, कारध्याच्या पुढे, त्या अंगाला. सासर भंडाऱ्याच्या बाजारात. मध्ये नदी आणि नदीवर तो जुना, बुटका पूल. आजचा मोठा पूल तेव्हा नव्हता. पावसाळ्यात नदी फुगली की पाणी पुलाच्या डोक्यावरून जायचं. मग लोक म्हणायचे, पूल बुडाला. ऐकणारा परका असेल तर त्याच्या पोटात गोळा यावा, पण आमच्याकडे हे 'आज बुधवार आहे' अशा सुरात म्हणत. म्हशीसारखा होता तो. बुडायचा, पाठीवरून पाणी जाऊ द्यायचा आणि त्याची मर्जी झाली की चिखल अंगावर घेऊन वर यायचा.

पण बुडाला की अर्धं भंडारा अडायचं. दूध त्या काठाचं, भाजी त्या काठाची, दवाखान्यातले अर्धे रोगी आणि कोर्टातले अर्धे भांडखोर त्या काठाचे. त्या दिवशी घरोघरी काळा चहा. तारखा पुढे जायच्या, कारध्याकडून येणारे मास्तर यायचे नाहीत, आणि खरं सांगायचं तर निम्मे लोक मनातून खूश असायचे. 'पूल बुडाला' म्हटलं की पुढे कोणी विचारत नसे. कचेरीतल्या मोठमोठ्या लोकांचं जे चालतं ते माझं का चालणार नाही, असं मला वाटलं. आता तसं राहिलं नाही. मागच्या पावसाळ्यात माझी सून तिकडच्या नाल्याच्या पुराचं कारण सांगून माहेरी थांबली, तर मुलाने लगेच फोनवर पुलाचा फोटो मागवला. बिचारीला खोटं बोलायलासुद्धा पुलापर्यंत जावं लागलं असतं. मला नुसतं तोंड लागलं होतं, आणि तेही मला धड वापरता आलं नाही.

सासरचं दुकान पितळी भांड्यांचं. घरही भांड्यांनी भरलेलं आणि सगळं घासून असं लख्ख की सकाळी ओसरीवर डोळे दिपायचे. चुलीजवळ पाण्याचा एक मोठा पितळी गुंड, म्हणजे हंडा असे, चांगला पोटाळ. सासूबाई त्या गुंडाकडे तोंड करून भाजी निवडत बसायच्या. मला वाटायचं, बरं झालं, त्यांची माझ्याकडे पाठ आहे. मी मागे उभी राहून गूळ खायची, जांभई द्यायची, एकदा तर त्यांच्यासारखं तोंड वाकडं करून दाखवलं. बऱ्याच दिवसांनी कळलं की गुंडाच्या पोटात मागची सगळी खोली दिसते.

ते मला नणंदेने सांगितलं. ती माझ्याहून थोडी मोठी आणि उंचीने माझ्याहून बरीच मोठी. दारातून येताना मान वाकवायची. त्या उंचीपायी तिची ठरत आलेली स्थळं मोडली होती. बघायला येणारे तिला उभं राहायला सांगत आणि ती उभी राहून संपेपर्यंत त्यांचा चेहरा पडलेला असे. पण त्या घरात माझं माणूस म्हणजे तीच. आषाढात मला माहेरची आठवण येऊन डोळे भरून यायचे, तेव्हा सासूबाईंनी विचारायच्या आत ही मोठ्याने सांगायची, "वहिनीच्या डोळ्यात कांदा गेला." चातुर्मास लागलेला, घरात औषधालाही कांदा नाही. तरी दर दोन दिवसांनी माझ्या डोळ्यात कांदा जायचा आणि सासूबाई गुंडाकडे पाहत "हूं" म्हणायच्या.

तर राखीसाठी मला चार दिवस अड्याळला धाडलं. चार दिवसांत काय होतं? दोन दिवस तर आईने खाऊ घालण्यात घालवले. नेमकी झड लागली. आमचा तलाव काठोकाठ भरला, भाताच्या बांध्यांमधून पाणी खळखळ वाहायला लागलं. आम्ही तलावाच्या गावची माणसं. डोक्यावर पाऊस पडला की तलाव भरतो, एवढंच आमचं पाण्याचं शिक्षण. मी हिशेब केला, तलाव भरला म्हणजे नदी भरली, नदी भरली म्हणजे पूल बुडाला. मी काही अगदीच खोटं बोलत नव्हते. फक्त पुलाला विचारलं नव्हतं.

शेजारचे एक काकाजी भांड्यांना कल्हई करून आणायला भंडाऱ्याला निघाले होते. सांगितलेल्या कामाला त्यांनी आयुष्यात कधी नाही म्हटलं नाही आणि त्यावर कधी विचारही केला नाही. मी त्यांना अंगणात गाठलं.

"काकाजी, आमच्या घरी जाजा अन् सांगजा, पूल बुडाला म्हणून पोरीले येता येत नाही."

"पूल बुडाला?"

"पाऊस दिसून नाही राहिला का तुमाले?"

त्यांनी वर पाहिलं. पाऊस होता. "हाव," ते म्हणाले. "सांगतो."

आई तिथेच तांदूळ निवडत होती. तिने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा पोतं खांद्यावर टाकून एसटीच्या थांब्याकडे निघालेल्या काकाजींकडे पाहिलं, आणि पुन्हा सुपात तोंड घातलं. तिला कळलं नसेल असं मला वाटत नाही. पण लेक आणखी चार दिवस राहते आहे म्हटल्यावर कोणती आई सुपातून तोंड वर काढते?

संध्याकाळी काकाजी परत आले. भांडी चकचकीत, धोतर कोरडं.

"सांगतलं?" मी विचारलं.

"सांगतलं."

"मंग काय म्हणाल्या?"

"म्हणे, तुम्ही कसे आले?"

"मंग तुम्ही काय म्हणलं?"

"म्हणलं, बसनं आलो. तिकडं त ऊन होतं."

"हासल्या का त्या?"

"नाही व. त्या गुंडाकडं तोंड करून बसल्या होत्या. चहा देल्ला मले. मंग आणखी एक डाव देल्ला." काकाजींना त्या दुसऱ्या चहाचं फार कौतुक वाटत होतं. जाता जाता त्यांना आठवलं, "अन् तुले निरोप देल्ला. रविवारी पोरीले पाह्यले पाहुणे येऊन राहिले. पूल वर आला का येजो म्हणे. अन् तुझा हिरवा शालू घेऊन येजो, पोरीले नेसवाचा हाये."

आता माझी जी धांदल उडाली ती खोट्याची नव्हती. नणंदेला पाहायला येताहेत आणि शालू माझ्या ट्रंकेत, अड्याळला. या खेपेलाही मोडलं तर ती काय, हसून सोडून देईल, पण रात्री तिच्या डोळ्यांत कांदा गेलेला मला माहीत होता. मी मनात ठरवलं, रविवारी पोहत जावं लागलं तरी जाईन.

देवाने ते ऐकलं असावं. रविवारी कडक ऊन पडलं होतं, पापड वाळवावेत असं. बाबा मला पोचवायला सोबत निघाले. बस कारध्याला आली, थांबली, आणि कंडक्टर म्हणाला, "उतरा जी. पूल बुडाला."

मी खाली उतरून पाहिलं. ऊन लखलखत होतं आणि पूल नव्हता. पुलाच्या जागेवरून तांबडं पाणी असं निवांत चाललं होतं की जणू तो रस्ता त्याचाच.

"पण पाऊस कोठी हाये?" मी कंडक्टरला विचारलं.

"वरते पडला, बाई. शिवनीकडं. अथी पडून काय होते?"

ही गोष्ट भंडाऱ्याच्या शेंबड्या पोरालाही माहीत असते. नदी आपल्या पावसाने भरत नाही, वरच्या मुलखातल्या पावसाने भरते. इथे झड लागते तेव्हा पूल कोरडा असू शकतो, आणि इथे ऊन पडतं तेव्हा बुडू शकतो. म्हणजे मी खोटंसुद्धा चुकीच्या दिवशी बोलले होते. आणि आज खरं होतं, तर निरोप न्यायला माणूस नव्हता.

काठावर जत्रा भरली होती. दुधाचे कॅन घेतलेले गवळी, भाजीच्या टोपल्या, सायकली, एक बाळंतीण माहेराहून परतणारी, बाजाराला निघालेले लोक आणि खास पूर पाहायला आलेले रिकामटेकडे. समोरच्या काठावरही तसेच रिकामटेकडे, मुंग्यांएवढे. बाबा लगेच त्या माणसांत सामील झाले जी पाण्याच्या कडेला काडी रोवून बसतात. पाणी काडीपासून मागे सरकलं की उतरतं आहे, पुढे आलं की चढतं आहे. त्या काडीवर जेवढ्या गप्पा होतात तेवढ्या ग्रामपंचायतीत होत नाहीत.

मी ट्रंक घेऊन चहाच्या टपरीवर बसले. बाकावर एक बाई होती. लुगडं भारी, कपाळावर ठसठशीत कुंकू, मांडीवर पानाचा डबा. तिने सरकून जागा दिली. तिच्यासोबतचा ठेंगणासा, गोरा माणूस टपरीवरून चहाचे ग्लास घेऊन आला आणि त्याने मलाही एक दिला. मला वाटलं, टपरीवालाच. मी घोट घेऊन म्हटलं, "यात साखर टाकून आणा जी थोडी." तो गेला आणि निमूट साखर टाकून घेऊन आला.

"कोठी जाऊन राहिली व बाई?" पानवाल्या बाईने विचारलं.

"भंडाऱ्याले. सासरी."

"कोणाकडं?"

"बाजारात पिंपळाजवळ पितळी भांड्याचं दुकान हाये नं, ते आमचंच."

तिचा अडकित्ता सुपारीत थांबला. मला वाटलं, सुपारी कडक असेल.

"मंग?" ती म्हणाली.

त्या बाईचं 'मंग' फार वाईट होतं. गोड, ओलसर आणि खोल. त्यात पाय घसरला की माणूस थेट तळाला. मी आधी सासूबाईंचा गुंड सांगितला. मंग? मग निरोपाची गोष्ट सांगितली, काकाजी कसे बसने गेले आणि कसे त्यांना दोन चहा मिळाले. ती इतकी हसली की सुपारी अडकून ठसका लागला आणि त्या साखरवाल्याने धावत पाणी आणून दिलं. माझ्या गोष्टीला कोणी असं हसलं की मला चढतं. अजूनही चढतं.

"अन् नणंद कशी हाये?"

मी सुरू झाले. नणंद दरवाज्याएवढी उंच आहे. तिच्या पोळीला कोणताच आकार नाही. हसली की फळीवरची भांडी वाजतात. मामाजी, म्हणजे माझे सासरे, आजारी होते तेव्हा दुकानात बसून गिऱ्हाइकांशी अशी भांडली की गिऱ्हाईकं तिलाच शोधत यायला लागली. मग कांद्याची गोष्ट सांगितली. ती सांगताना माझा आवाज जरा बसला, म्हणून तो सावरायला मी आणखी पुढे गेले.

"अन् आज तिले पाह्यले कोणी येऊन राहिले," मी म्हटलं. "पोट्टा ठेंगना हाये म्हणतात. आमची बाई त त्याले कडेवर घेऊन फिरन."

साखर आणणारा माणूस उठला आणि नदी पाहायला गेला.

"ठेंगना हाये म्हणून कोण सांगतलं?" बाईने पानाला चुना लावत विचारलं.

"आमच्या सासूबाईच म्हणत होत्या, मी माहेरी याच्या आधी."

म्हणजे एका घोटात मी नणंद बुडवली, नवरामुलगा बुडवला आणि सासूबाईंनाही बुडवलं. पुलावर तेवढं पाणी नव्हतं. वर मी ट्रंक उघडून शालूसुद्धा दाखवला. तिने पदर बोटांत धरून पाहिला, म्हणाली, "पोपटी नाही, हिरवा हाये. उंच बाईले शोभन."

दुपार कलली तशी बाबांची काडी कोरडी पडली. पाणी पुलावरून खाली गेलं. अजून गाडी जायची नव्हती, पण माणसं निघाली, लुगडी खोचून, चपला हातात घेऊन. पुलावर गाळ असा की पाय टाकावा एकीकडे आणि जावा दुसरीकडे. बाबांच्या डोक्यावर ट्रंक. त्या बाईने माझं मनगट घट्ट धरलं आणि पूर्ण पूल तिने मला पार करवला. मध्यावर हळद-कुंकू टाकून तिने नदीला हात जोडले, मग मला म्हणाली, "तू काय मागतलं?"

"नणंदेचं जमू दे म्हणून."

"हूं," ती म्हणाली. अगदी आमच्या सासूबाईंसारखं. तेव्हा तरी मला कळायला हवं होतं.

या काठाला पोचल्यावर तिने हात सोडला. "पळ आता. शालू नेसवाचा हाये."

मी पळाले. घरी सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं, माझ्या चिखलाने भरलेल्या पायांकडे पाहिलं आणि पाण्याचा तांब्या पुढे केला. पुलाबद्दल एक शब्द नाही. पाहुणेही त्या काठाचेच, तेही पुलामुळे अडकले असतील, येतीलच आता, एवढंच म्हणाल्या. त्या काठाचे पाहुणे म्हणजे कोण, याचा मी त्या क्षणीसुद्धा विचार केला नाही. शालूच्या निऱ्या घालण्यात गुंतले होते. नणंदेला तो घोट्याच्या बराच वर येत होता. ती म्हणाली, "वहिनी, मी वाकून चालू का?" मी म्हटलं, "वाकाच."

पाहुणे येऊन ओसरीवर बसले. मी आत पोह्यांच्या बशा भरत होते. उघड्या दारातून ओसरी गुंडात दिसत होती, तिकडे सहज नजर गेली. गुंडाच्या पोटात माणसं आडवी पसरलेली दिसतात, पण कुंकू ओळखू येतं. पानाचा डबाही येतो. तिच्या शेजारी, त्याहून आडवा झालेला, चहात साखर टाकणारा.

मागचं दार उघडं होतं. मी त्या दाराकडे पाहिलं. तेवढ्यात सासूबाईंनी माझ्या हातात बशांचं आणि चहाचं ताट दिलं. ते ताट बाहेर कसं पोचलं मला आठवत नाही. बाईने बशी घेतली, माझ्याकडे ओळख नसल्यासारखं पाहिलं. साखरवाल्याने मात्र चहा घेऊन हळूच मला विचारलं, "यात साखर टाकली नं वहिनी?" मी दाराआड गेले आणि रडायला लागले. आवाज न करता, म्हणजे मला तसं वाटत होतं.

नणंद आली. गुडघ्यांत वाकून, मान खाली, खांदे आत घेऊन. पाहुण्या बाईने तिला खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"सरळ उभी राह्य व बाई. तुझी उंची मले माहीत हाये."

नणंद सरळ झाली. तिचं डोकं कंदिलाला लागलं.

"पोळ्या येतात का, ते नाही विचारत. तेही मले माहीत हाये," बाई म्हणाली. सासूबाईंचा चेहरा बदलला, हे मला फटीतून दिसलं. "आमचा पोट्टा ठेंगना हाये. तेही तुमाले माहीत हाये. आता मी एकच गोष्ट विचारतो. आत कोणी रडून राहिलं का?"

आतला माझा आवाज थांबला. नणंदेने दाराकडे पाहिलं. तिला काहीच ठाऊक नव्हतं, मी काय बडबडले, ही कोण, काहीच नाही. तिला फक्त एवढं कळलं की वहिनी रडते आहे आणि कोणी तरी विचारतं आहे.

"नाही जी," ती म्हणाली. "वहिनीच्या डोळ्यात कांदा गेला."

पाहुण्या बाईचं कुंकू आधी हललं, मग पोट, मग सगळी बाई. "चातुर्मासात?" एवढंच तिला विचारता आलं. नणंदेला आपली चूक कळली आणि तिलाही हसू फुटलं, आणि ती हसल्यावर फळीवरची भांडी वाजली. मी सांगितलं होतं ते सगळं खरं निघालं. साखरवाला वर मान करून तिच्याकडे पाहत होता, आणि पुढे जन्मभर त्याने तसंच पाहिलं.

सुपारी त्याच संध्याकाळी फुटली. नणंद आजही राखीला मोठ्या पुलावरून नातवाच्या गाडीत येते. तिचा नवरा दर वर्षी माझ्या हातात चहा देऊन साखर पुरली का विचारतो आणि मी दर वर्षी त्याला टपरीवाला म्हणते. जुना पूल खाली दिसतो, तिथे गाडी थांबवून ती काचेतून हात जोडते.

पण त्या संध्याकाळी मी घाबरूनच होते. पाहुणे गेले, बाबा गेले, नणंद शालू घडी करायला आत गेली. सासूबाई नेहमीच्या जागी बसून ताट पुसत होत्या, पाठ माझ्याकडे, तोंड गुंडाकडे. मी मागे उभी. बोलतील, आता बोलतील. ताट पुसून झालं. ते पुन्हा पुसलं. मग गुंडातल्या मला उद्देशून त्या म्हणाल्या,

"पुढच्या खेपेले पूल बुडवाचा असन त मले आधी सांगत जाय व बाई. त्या दिवशी मी त्याच्या कठड्यावर गोधड्या वाळू घातल्या होत्या."